यूरोनिमसचा सैतान आणि फुल्यांचा बळीराजा

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा येतो. गळ्यात अशोकचक्राचे लॉकेट, अंगात काळा टी-शर्ट, आणि टी-शर्टवर उलट्या क्रूसासह काटेरी अक्षरांत लिहिलेले 'मेहेम'. हा नॉर्वेतला ब्लॅक मेटल बँड. बावीस प्रतिज्ञांवर चर्चा चालू असताना तो म्हणाला, "दादा, मेहेमचा यूरोनिमसपण देवाधर्माच्या विरोधातच होता की. मग तो आपल्याच बाजूचा नाही का?" वर्गातले काही जण हसले. आम्हाला हसू आले नाही. प्रश्न नीट होता आणि त्या दिवशी आम्ही त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन वाचले, ऐकले, पुन्हा वाचले. आता उत्तर देतो. ते त्या एकट्यासाठी नाही. विद्रोहाचा पोशाख कुठलाही असो, तो बघून आपली मुले चटकन 'आपला' म्हणतात. ही सवय आमच्या पिढीलाही होती.

यूरोनिमसचे खरे नाव ओयस्टाइन ऑर्सेट. जन्म २२ मार्च १९६८. ओस्लोजवळच्या मध्यमवर्गीय वस्तीत वाढलेला मुलगा. १९८४ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने दोन मित्रांबरोबर मेहेम सुरू केला. तो गिटार वाजवायचा, बहुतेक चाली त्याच्याच, आणि बँडचा कारभारही तोच बघायचा. १९८७ मध्ये त्यांनी 'डेथक्रश' ही छोटी रेकॉर्ड स्वतःच काढली, फक्त हजार प्रती. तिची सुरुवात जर्मनीतल्या कॉनराड श्निट्झलर या प्रयोगशील संगीतकाराच्या तालवाद्याच्या तुकड्याने होते. हा तुकडा मागायला हा पोरगा थेट बर्लिनला श्निट्झलरच्या घरी जाऊन थडकला होता. कुठली कंपनी नाही, कुणाचा वशिला नाही. आपल्याकडे कॅसेटवर भीमगीते काढणाऱ्या गायकांना हा खटाटोप परका वाटणार नाही.

संगीताबद्दल प्रामाणिकपणे बोलले पाहिजे, नाहीतर त्या मुलाने आमचे पुढचे काही ऐकू नये. यूरोनिमस आणि थॉर्न्स या बँडचा स्नोरे रुक या दोघांनी गिटार वाजवण्याची एक वेगळी रीत बसवली. त्याआधीचे मेटलवाले तळहाताने तारा दाबून आवाज तोडत तोडत वाजवायचे. या दोघांनी तारा मोकळ्या सोडल्या, अख्खी स्वरसंगती वाजू दिली आणि उजवा हात न थांबवता वेगाने चालवत ठेवला. शाहिराच्या मागे तुणतुणे जसे एकदाही श्वास न घेता चालू असते तसे काहीसे, पण कर्णकटू आणि उदास. १९९० नंतर नॉर्वेत निघालेल्या डझनभर बँडांनी हीच रीत उचलली. 'दे मिस्तेरीस दोम सथानास' हा मेहेमचा अल्बम बर्गन शहरातल्या ग्रीगहालेन या संगीतसभागृहात रेकॉर्ड झाला. आम्ही तो दोनदा पूर्ण ऐकला. पहिल्यांदा डोके दुखले, दुसऱ्यांदा कळले की पोरे का ऐकतात.

आता मुद्द्यावर येऊ. हा माणूस धर्माच्या विरोधात होता म्हणजे नेमका कशाच्या विरोधात होता?

१९९१ मध्ये त्याने ओस्लोत श्वाइगार्ड्स गाटे या रस्त्यावर रेकॉर्डचे दुकान काढले. नाव 'हेल्वेते', म्हणजे नरक. तळघरात मुले जमायची आणि तिथे तो त्यांना तत्त्वज्ञान सांगायचा. अमेरिकेत 'चर्च ऑफ सेटन' नावाची एक संघटना होती, ती सैतानाला माणसाच्या मुक्त इच्छेचे प्रतीक मानायची. यूरोनिमसला तिची चीड होती. ती फार माणुसकीची, फार स्वातंत्र्याची भाषा बोलते, हा त्याचा आक्षेप. त्याचा सैतान प्रतीक नव्हता, खराखुरा होता, आणि त्याला भक्त हवे होते. माणसांनी भ्यावे, दुःख भोगावे, गुलाम व्हावे असे तो मुलाखतींत उघड सांगायचा. त्याआधी काही काळ तो नॉर्वेतल्या माओवादी पक्षाच्या युवक संघटनेत होता. त्या राजकारणातूनही त्याने शोषितांची बाजू उचलली नाही. त्याला भावले ते हुकूमशहा. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलताना बाबासाहेबांनी हिंसेवर आणि हुकूमशाहीवरच बोट ठेवले होते. या तरुणाने मार्क्सवादातले बाकी सगळे सोडून नेमके तेवढेच उचलले.

इथे जोतीरावांची आठवण होते. पुरोहितांच्या कथेत बळी हा दैत्य, आणि वामन त्याला पाताळात घालणारा देव. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी काय केले? त्यांनी दैत्याची बाजू घेतली, पण पुरोहिताने केलेली त्याची व्याख्या घेतली नाही. बळी हा न्यायी राजा, कष्टकऱ्यांचा राजा, आणि वामन कपटाने राज्य बळकावणारा, अशी सगळी कथाच त्यांनी पालथी केली. चांगले काय, वाईट काय, हे ठरवण्याचा अधिकारच पुरोहिताकडून काढून घेतला. आजही बलिप्रतिपदेला आमच्या आयाबाया बळीचे राज्य यावे म्हणतात तेव्हा त्या क्रूर राक्षसाचे राज्य मागत नसतात.

यूरोनिमसने उलटे केले. चर्च म्हणते सैतान दुष्ट आहे. हा म्हणाला, बरोबर, तो दुष्टच आहे आणि म्हणून मी त्याचा. पाद्रीने आखलेली रेघ तशीच ठेवून हा फक्त तिच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. ग्रीक कथेतल्या, प्रेतांचे मांस खाणाऱ्या भुतावरून त्याने स्वतःचे टोपणनाव घेतले. देव नाकारणे म्हणजे काय हे ज्याने १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांतून वाचले आहे, त्याला हा फरक कळायला हवा. त्या प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा-विष्णू-महेश नाकारल्यावर त्यांच्या जागी दुसरा मालक येत नाही. पंचशील येते, समता येते, वागण्याचे नियम येतात. देवाला नाकारून सैतानापुढे गुडघे टेकणाऱ्याने गुलामी सोडलेली नाही. त्याने फक्त मालक बदलला आहे.

यापुढची गोष्ट आम्हाला लिहायला जड जाते. मेहेमचा गायक पेर ओलिन हा स्वीडनचा मुलगा, टोपणनाव 'डेड'. ८ एप्रिल १९९१ ला त्याने बँडच्या राहत्या घरात आत्महत्या केली. तो बावीस वर्षांचा होता. यूरोनिमसला तो दिसला तेव्हा पोलिसांना बोलावण्याआधी त्याने कॅमेरा आणून फोटो काढले. नंतर तो मृत्यू त्याने बँडच्या अस्सलपणाचा पुरावा म्हणून मिरवला. बेस गिटार वाजवणारा जुना सोबती नेक्रोबुचर याच कारणाने बँड सोडून गेला. पुढे त्यातला एक फोटो एका चोरट्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर छापला गेला.

आपण जानेवारी २०१६ पासून रोहित वेमुलाचा फोटो हातात घेऊन चालतो आहोत. हसरा, जिवंत रोहित. तो फोटो आपण विद्यापीठाला, सरकारला, समाजाला जाब विचारायला घेतो. गेलेल्या मित्राच्या प्रेताचे भांडवल करणारा माणूस आणि गेलेल्या मित्राच्या आयुष्याचा हिशोब मागणारी चळवळ, या दोघांना 'विद्रोही' हा एकच शब्द आम्ही वापरणार नाही. वस्त्यांमध्ये आत्महत्या झालेल्या घरांत आम्ही बसलेलो आहोत, त्यामुळे या एका बाबतीत आमच्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करू नका.

मग चर्च जळू लागली. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचे फॅन्टॉफ्टचे बाराव्या शतकातले लाकडी चर्च राख झाले. पुढे आणखी किती तरी. एका आगीत अग्निशमन दलाचा एक कर्मचारी मेला. बर्झम या एकट्याच्या बँडचा वार्ग विकेर्नेस याच्यावर यातल्या काही आगींचे गुन्हे सिद्ध झाले. फॅन्टॉफ्टचा मात्र सिद्ध झाला नाही. यूरोनिमसवर जाळपोळीचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, पण त्याने या आगींचे कौतुकच केले आणि बर्झमची पहिली रेकॉर्ड त्याच्याच 'डेथलाइक सायलेन्स' कंपनीने काढली. ऑगस्ट १९९२ मध्ये एम्परर बँडच्या ड्रमरने लिलेहामरमध्ये एका समलिंगी पुरुषाला भोसकून मारले. ब्लॅक मेटलच्या इतिहासात त्या ड्रमरचे नाव सगळ्यांना पाठ असते. मेलेला माणूस बहुतेक ठिकाणी 'एक समलिंगी' एवढाच उरतो.

"पण दादा, आपणही जाळलेच ना?" हा प्रश्न येणार, म्हणून आधीच बोलतो. हो, जाळले. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. पण कशी? परिषद भरवून, ठराव मांडून, हजारो माणसांच्या समोर. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. जागा दिली ती एका मुसलमान गृहस्थांनी. जाळले ते एक पुस्तक, ज्यात आमच्या गुलामीचे कायदे लिहिले होते, आणि त्याच परिषदेत माणसामाणसाच्या समान हक्कांचा जाहीरनामा मांडला. का जाळतो आहोत हे आधी सांगितले, नंतरही सांगितले, आणि नाव लपवले नाही. कुणाच्या देवळाला काडी लावली नाही. काळाराम मंदिरासमोर तर वर्षानुवर्षे नुसता सत्याग्रह केला, मार खाल्ला. मध्यरात्री रिकाम्या चर्चला काडी लावून पळणाऱ्यांना महाडच्या रांगेत बसवणे हा आमच्या पूर्वजांचा अपमान आहे.

शिवाय ते चर्च तरी कोणते? नॉर्वेच्या राज्यघटनेत २०१२ पर्यंत ल्युथरन पंथ हा राज्याचा धर्म होता, हे खरे. त्याविरुद्ध बोलायला जागा होती. पण त्याच चर्चने १९६१ मध्ये पहिली स्त्री धर्मगुरू नेमली होती आणि १९९३ मध्ये, म्हणजे या सगळ्या गोंधळाच्या ऐन मध्यावर, पहिली स्त्री बिशप झाली. या मुलांचा राग चर्चने कुणाला चिरडले यावर नव्हता. ते आता पुरेसे भीतीदायक उरले नाही, याच्यावर होता.

आणि चर्चने चिरडलेले लोक नॉर्वेत होते! उत्तरेकडचे सामी आदिवासी. त्यांचे धार्मिक ढोल मिशनऱ्यांनी अठराव्या शतकात गावोगाव फिरून जप्त केले. अँडर्स पोल्सेन नावाच्या सामी माणसावर १६९२ मध्ये वाडसो इथे ढोल वाजवून जादूटोणा केल्याचा खटला चालला आणि निकाल लागण्याआधीच कोठडीत त्याचा खून झाला. त्याचा ढोल डेन्मार्कच्या राजाकडे गेला. १९०२ च्या जमीन कायद्याने फिनमार्कमध्ये जमीन घ्यायची तर नॉर्वेजियन भाषा येणे सक्तीचे केले. सामींचे योइक गाणे पापाचे मानले गेले आणि शाळांतून त्याला मनाई झाली. मारी बोइने ही सामी गायिका अशाच कर्मठ ख्रिस्ती घरात वाढली आणि तिने योइकच्या आधारावर आपले संगीत उभे केले. १९८९ चा तिचा 'गुला गुला' अल्बम जगभर ऐकला गेला. १९९४ च्या लिलेहामर ऑलिम्पिकमध्ये गायचे निमंत्रण तिने नाकारले. आपल्याला नुसते शोभेला बोलावले आहे, असे तिचे म्हणणे. आम्हाला विचाराल तर त्या काळातली नॉर्वेतली खरी धर्मविरोधी, सत्ताविरोधी गायिका ही. तिने एकही चर्च जाळले नाही. बहुसंख्याकांच्या घरातली, खाऊनपिऊन सुखी मुले 'ख्रिस्ती धर्माने आमच्या पूर्वजांवर अन्याय केला' म्हणून गळा काढत होती, आणि ज्यांच्या पूर्वजांवर तो खरोखर झाला त्यांचे नावही त्यांच्या गाण्यांत नव्हते. सवर्ण घरातली मुले 'आम्हीच खरे पीडित' म्हणतात तेव्हा आपल्याला जे वाटते, तेच आम्हाला हे वाचताना वाटले.

१९९३ च्या सुरुवातीला पोलीस आणि वर्तमानपत्रे मागे लागल्यावर यूरोनिमसने दुकान बंद केले. १० ऑगस्ट १९९३ च्या पहाटे विकेर्नेस त्याच्या ओस्लोतल्या घरी आला आणि त्याला भोसकून मारले. अंगावर २३ वार होते. विकेर्नेसबरोबर गाडीतून आला होता तो स्नोरे रुक, ज्याच्याबरोबर यूरोनिमसने गिटारची ती नवी रीत बसवली होती. यूरोनिमसचे वय पंचवीस. मे १९९४ मध्ये विकेर्नेसला २१ वर्षांची शिक्षा झाली, रुकला आठ वर्षांची. त्याच महिन्यात 'दे मिस्तेरीस' बाजारात आला. त्यात गिटार मेलेल्याची आणि बेस मारणाऱ्याचा. मुलाच्या आईवडिलांनी तो बेस काढून टाका अशी विनंती केली होती. ड्रमर हेलहॅमरने हो म्हटले आणि काढला नाही. तो आजही तसाच ऐकू येतो.

विकेर्नेसचे पुढे काय झाले हे आपल्या मुलांनी लक्ष देऊन वाचावे. सैतान काही काळातच मागे पडला आणि त्याच्या जागी आले ओडिन, पूर्वज, रक्त, गोरी वंशशुद्धता. २००९ मध्ये तो सुटला, फ्रान्सला गेला, आणि २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला वांशिक द्वेष पसरवल्याबद्दल दोषी ठरवले. यूरोनिमस स्वतः या वाटेने गेला नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. साय या जपानी बँडची रेकॉर्ड त्याच्याच कंपनीने काढली. पण ज्या विद्रोहात समतेचा कार्यक्रम नसतो तो फार काळ मोकळा राहत नाही, तिथे रक्ताचा अभिमान येऊन बसतो. हे आम्ही फक्त नॉर्वेबद्दल बोलत नाही. आपल्याही मेळाव्यांत हल्ली डीएनएचे दाखले देत 'आपले रक्त वेगळे, त्यांचे वेगळे' असे सांगणारे वक्ते टाळ्या घेतात. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांतच खोडून काढला. रक्तावर अभिमान उभा करायची सोपी वाट त्यांच्यापुढेही होती, त्यांनी ती घेतली नाही. हे आम्ही मंचावर बोललो की काही कार्यकर्ते आमच्यावर रागावतात. रागावोत.

आज हे सगळे नॉर्वेत वारसा झाले आहे. मेहेमच्या २००७ च्या अल्बमला तिथला सर्वांत मोठा संगीत पुरस्कार मिळाला. सॅटिरिकॉन या दुसऱ्या ब्लॅक मेटल बँडने २०२२ मध्ये ओस्लोच्या मुंक संग्रहालयात चित्रांबरोबर संगीताचे प्रदर्शन मांडले. 'हेल्वेते'च्या जागी पुढे रेकॉर्डचे दुकान निघाले, पर्यटक तळघर बघायला यायचे. कलावंताला संधी मिळू नये असे आम्ही म्हणत नाही, शिक्षा भोगलेल्या माणसालाही नाही. आम्ही फक्त तराजू बघतो. पुण्याच्या कबीर कला मंचच्या शाहिरांवर यूएपीए लागला. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतः हजर झाले, तेव्हा शीतलताई गरोदर होत्या. सचिन माळींना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडले. त्यांच्या डफाचे संग्रहालय कोण काढणार आहे? आपल्या मुलांचे वेड म्हणून नॉर्वेच्या समाजाने ब्लॅक मेटलवाल्यांना पोटात घेतले. सामींची नॉर्वेच्या संसदेने औपचारिक माफी मागितली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. पोल्सेनचा ढोल २०२२ मध्ये कारास्योकच्या सामी संग्रहालयाला कायमचा परत मिळाला, खटल्यानंतर ३३० वर्षांनी.

हे सगळे आम्ही मागच्या रविवारी वर्गात सांगितले. तो मुलगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गिटार मात्र भारीच आहे, दादा." आहेच. आम्ही त्याला टी-शर्ट टाक म्हणून सांगितलेले नाही. पुढच्या रविवारी मारी बोइनेवर तोच बोलणार आहे, आणि त्यासाठी वर्गात स्पीकर लागणार आहे. कुणाकडे असेल तर घेऊन या.

जय भीम.